पांढऱ्या कापडाचा हात

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. मशीनवर वाकलीस आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, हे तू अगदी शेवटी लिहिलंस, कात्रीला धार लावून आणल्याच्या बातमीनंतर. बाबांचीही हीच खोड होती. महत्त्वाचं असेल ते तळाशी. त्याच ओळीत ‘पुढच्या महिन्यात दाढ काढून घेणार आहे’ असंही आहे. म्हणून मी महत्त्वाचं आधी लिहिते. दाढ काढू नकोस. निदान मी सांगते ती तपासणी होईपर्यंत तरी नको. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, नाहीतर तासभर भांडले असते. आता कागदावर भांडते.

तू नेहमी विचारतेस, दिवसभर मासे बघून तुला मिळतं काय. तर ऐक. आमचे मासे बोटाएवढे, अंगावर पट्टे असलेले. सकाळी दिवे लागले की अंडी घालतात. त्यातलं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं, आणि त्याच्या रक्तवाहिन्या हिरव्या चमकतील अशी सोय आम्ही केलेली असते. त्या वाढताना मी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसते. काही जनुकांचं काम ‘वाढ’ म्हणायचं. मग वाहिनीला कोंब फुटतो. काहींचं काम ‘आता पुरे, थांब, भिंत पक्की कर’ म्हणायचं. दोघांचं जमलं की जखम भरते, पोटात बाळ पोसतं. बिनसलं की आजार. कर्करोगाची गाठसुद्धा ‘वाढ, वाढ’ असा घोशा लावूनच स्वतःकडे रक्त ओढून घेते.

माझं जनुक थांबवणाऱ्यांपैकी. ते बिघडवलं तर धमनी आणि शीर यांच्यामधलं बारीक जाळं जागोजागी तयारच होत नाही. जोराचं रक्त थेट पातळ भिंतीच्या शिरेत घुसतं. ती फुगते, कधी फुटते. माणसांत असं झालं की नाकातून वरचेवर रक्त येतं, ओठांवर आणि बोटांवर लाल ठिपके उठतात. आत्या, तुझ्या ओठावरच्या ठिपक्यांना मी लहानपणी बोट लावून बघायचे. आपल्या घरातली नाकं उष्णतेनं वाहत नाहीत.

नाकाचं एक वेळ सोडून देऊ. पण तशीच जाळी नसलेली जोडणी फुप्फुसात असेल, तर दाढ काढताना रक्तात शिरलेले जंतू गाळले न जाता सरळ मेंदूत जाऊ शकतात. म्हणून हा हट्ट.

माझी काळजी करू नकोस. हे आईबापांकडून येतं, साधारण निम्म्या मुलांत उतरतं, आणि ज्याला नाही त्याच्या मुलांनाही नाही. बाबांना तर अण्णा आजोबांनी शिवणाच्या दुकानात पांढरं कापड शिवायला बसवलं होतं, आणि तिथे नाक वाहणाऱ्याला बसवत नसत. ती बारमाही सर्दी सोडली तर त्यांच्या नाकाची कधी तक्रार नव्हती. मी सुटले.

आता माझीही तळाची बातमी. मला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. प्रयोगशाळेचा जिना चढताना धाप लागते, पण सगळ्याजणी म्हणतात की असंच असतं.

तुझी मासोळी

१५ फेब्रुवारी

चि. मासोळी,

तळाची बातमी आधी वाचली, मग वरचं सगळं, मग पुन्हा तळाची. दुकानातल्या आपल्या जुन्या मास्तरांना सांगितली तर त्यांनी हातातला सदरा खाली ठेवून चष्मा पुसला. तेवढं ते तुझ्या बापाच्या लग्नातही हलले नव्हते. धाप लागायचीच गं, एका अंगात दोन जीव. जिना सावकाश चढ.

बाकीचं वाचून मात्र हसू आलं. इतकी शिकलीस ती आत्याच्या नाकाला नावं ठेवायला? या नाकासकट मी जन्मभर दुकान ओढलं आहे. रुमाल धरायचा, पाच मिनिटं मान खाली घालायची आणि पुन्हा पाय मशीनवर.

दुकानाची रीत तुला माहीत आहे, पण ती पडली कशी ते ठाऊक नसेल. आमच्या अण्णांचंच नाक वाहायचं. एकदा कुणाचातरी समारंभाचा पांढरा झगा शिवून झाला, गिऱ्हाईक दारात उभं, आणि अण्णा शेवटचा टाका तोडायला वाकले तर छातीवरच रक्त सांडलं. तेव्हापासून नियम झाला. ज्याचं नाक वाहतं त्यानं काळं, निळं, तपकिरी घेऊन आत बसायचं. ज्याचं वाहत नाही त्यानं खिडकीशी, उजेडात, पांढरं शिवायचं. मी शाळेत असतानाच आत गेले. तुझा बाप खिडकीत बसला. पुढे कुणाला काय होतं हे कुणी विचारतच नसे. कोण कुठे बसलंय ते बघितलं की झालं.

आता गंमत सांगते. इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नाही, कारण त्याला ती खिडकी फार प्यारी होती. अगं, तुझ्या बापाचंही नाक वाहायचं. माझ्याइतकं नाही, पण वाहायचं. पठ्ठ्या रोज सकाळी कापसाचा बोळा नाकात सारायचा आणि अण्णांना सांगायचा, सर्दी झाली. रक्त आतल्या आत गिळून टाकायचा. बारा महिने सर्दी. अण्णा त्याला सर्दीची औषधं पाजायचे आणि हा मुकाट्यानं प्यायचा. मी कपडे धुवायला घेतले तेव्हा त्याचे रुमाल हाती लागले, म्हणून मला कळलं. मी गप्प बसले. मांडीवरच्या पांढऱ्या कापडाखाली पुस्तक लपवून तो उजेडात वाचायचा, ते मला बघायला आवडायचं. पुस्तकाचा तो नाद नसता तर तू आज माशांपर्यंत पोचली नसतीस.

तर सांगायचं काय, त्याचंही वाहायचं आणि त्याचं काय वाकडं झालं? संसार केला, तुला शिकवलं, साठी ओलांडली. गेला तो काही नाकानं गेला नाही. दाढ काढली, महिन्याभरात मेंदूत गळू झालं आणि गेला. नशीब एकेकाचं. माझी दाढ तर आपणहून हलते आहे. मार्चच्या पहिल्या सोमवारी काढून टाकते म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि पायरीवर बसून राहिले.

नाक आणि दाढ या तू दोन गोष्टी म्हणून लिहिल्यास. ती एकच गोष्ट आहे. बाबांच्या फुप्फुसातही तशी जोडणी असणार. दाढेतले जंतू तिथे गाळले गेले नाहीत, वर गेले. त्यांना भरती केलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आधीचा काही त्रास आहे का. बाबा म्हणाले, सर्दी. मी शेजारी उभी होते. मीही मान डोलावली, कारण आमच्या घरात त्याला सर्दीच म्हणायचे.

दिवसभर मी ज्याचा अभ्यास करते ते माझ्या बापाच्या नाकात होतं आणि मला दिसलं नाही. मी बाबांकडे कधी बघितलंच नाही, ते कुठे बसायचे तेवढंच बघितलं.

आता मी सुटले असं म्हणता येत नाही. माझ्यात असण्याची शक्यता अर्धी अर्धी. पोटात बाळ असताना अंगातलं रक्त वाढतं, आणि फुप्फुसात अशी जागा असेल तर याच महिन्यांत ती मोठी होते. फुटली तर आम्ही दोघंही वाचू की नाही सांगता येत नाही. लहानपणी माझं नाक दोनदा वाहिलं होतं. उन्हानं झालं, असं बाबाच म्हणाले होते. ओठाच्या आतल्या बाजूला एक ठिपका आहे. आज आरशात बघितला.

सोमवारी दाढ काढायची नाही. तुझ्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, सोबतची चिठ्ठी दाखव, फुप्फुस तपासून घे आणि रक्त दे. जनुक फार लांबलचक असतं. बिघाड नेमका कुठे आहे ते तुझ्या रक्तात सापडलं की माझ्यात आणि बाळात नेमकं तिथेच बघता येईल. बाबांचं रक्त आता मिळणार नाही. खरं बोलणारं नाक घरात तुझं एकटीचंच उरलंय.

मासोळी

४ मार्च

चि. मासोळी,

पत्र वाचलं त्या दिवशी मशीन उघडलं नाही. त्याचे रुमाल मी गुपचूप धुवायचे आणि मला वाटायचं, भावाचं भलं करते आहे. खूप रडले. मास्तर आत येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी तोंड धुतलं आणि हॉस्पिटलात गेले. रडून दाढ थांबते थोडीच.

डॉक्टरीण म्हणजे कोवळी पोर, तुझ्याहून लहान. आधी माझ्याशी मोठ्यानं बोलत होती, तुझी चिठ्ठी वाचून एकदम हळू बोलायला लागली, मग मला काहीच ऐकू येईना. शेवटी तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. खारं पाणी घुसळून त्याचे बारीक बुडबुडे हातातल्या शिरेत सोडतात आणि पडद्यावर हृदय बघतात. बुडबुडे फुप्फुसाच्या जाळीत अडकून विरले पाहिजेत. हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले तर समजायचं की मध्ये कुठेतरी जाळी नाही. म्हणजे अस्तराशिवायचा कोटच की, मी म्हटलं. ती हसली. माझे बुडबुडे सगळे अडकले. फुप्फुस शाबूत आहे.

रक्त मात्र एवढं कमी निघालं की तिनं विचारलं, तुम्ही इथवर आलात कशा? मी म्हटलं, पायांनी. मग लोहाची बाटली लावली. नाकात लावायला मलम दिलं. तपासायच्या रक्ताच्या नळ्या तुझ्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर गेल्या. आता दुकानाच्या पायऱ्या एका दमात चढते. इतकी वर्षं मला वाटत होतं, म्हातारपण आलं.

माझं झालं. तुझे बुडबुडे कधी? उलट टपाली कळव.

आत्या

२४ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्या रक्तातला बिघाड सापडला. मी ज्या जनुकावर काम करते, तेच आहे. प्रयोगशाळेच्या आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं तर त्या खुर्चीत बसल्याच.

इकडे कामाची फार गडबड आहे. माशांच्या टाक्यांचा पंप बिघडला होता, सगळे मासे बादल्यांत काढावे लागले. पिल्लांची नवी तुकडी मोजायची आहे, ती तीन दिवसांपलीकडे थांबत नाही. माशांचं आटोपलं की पुढच्या आठवड्यात, फार तर त्याच्या पुढच्या, तपासणीला जाऊन येते. धाप तशी कमी आहे. बाळ हलायला लागलंय. तू औषधं वेळेवर घे.

मासोळी

३० मार्च

मासोळी,

एवढ्याशा पत्रात मासे तीनदा आले, तू एकदाही आली नाहीस. धाप ‘तशी’ कमी आहे म्हणजे काय? तशी म्हणजे कशी?

पंप बिघडला हे मला खरं वाटतं. पण आठ आठवडे तपासून घे, तपासून घे म्हणून माझ्या मागे लागलेली मुलगी स्वतःच्या वेळी बादल्या मोजत बसते, हे मला कळतं. तुला भीती वाटते आहे. वाटू दे, मलाही वाटते. पण तू नाकात बोळा घालून खिडकीत बसली आहेस, आणि तसं बसलेलं माणूस मी एकदा बघितलं आहे. तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही. राग आला तर येऊ दे, वाचलीस की मग आपण भांडू.

गुरुवारी पोचते. दुकानाची किल्ली मास्तरांना देऊन ठेवली. तुझी तपासणीची वेळ तू ठरवलीस तर ठीक, नाहीतर मी हॉस्पिटलच्या दाराशी जाऊन बसते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते की माझी भाची शास्त्रज्ञ आहे आणि डॉक्टरला घाबरते.

आत्या

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

तू परत घरी सुखरूप पोचलीस हे मास्तरांच्या निरोपावरून कळलं. हॉस्पिटलात तू बाहेर बसली होतीस, आणि नंतर मी काही सांगितलं तरी तुला ऐकू आलं नसतं, म्हणून आतलं आता लिहिते.

बुडबुड्यांच्या वेळी मी पडद्याकडे बघत होते. उजवी बाजू आधी पांढरी झाली. मी मनात म्हणत होते, तिथेच थांबा. काही ठोके गेले आणि एकेक करून डाव्या बाजूला ते दिसायला लागले. माशांच्या पिल्लांत हेच दिसलं की आम्ही टाळ्या देतो. मी हात घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या वेळी, ज्या दिवशी तू सकाळपासून बाकावर होतीस, त्यांनी पोटावर शिशाचं जड आवरण घातलं आणि जांघेतून एक बारीक नळी थेट फुप्फुसापर्यंत नेली. मी जागीच होते. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी वाटाण्याएवढी फुगलेली जागा. त्यात धातूच्या तारेचं वेटोळं सोडून तिचं तोंड बंद केलं. बाळंतपणापर्यंत ती फुटलीच असती असं मी म्हणणार नाही. कदाचित नसतीही फुटली. आता मात्र ती फुटणार नाही. काल जिना न थांबता चढले आणि वर पोचल्यावर उगाचच पुन्हा खाली जाऊन चढले.

तू आली नसतीस तर मी गेले नसते, आत्या. पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात, असं करत राहिले असते. मला सगळं माहीत होतं आणि त्याचाच मला धाक वाटत होता.

अजून एक. मला बाहेर आणलं तेव्हा तुझ्या मांडीवर त्या उंच नर्सबाईंचा कोट होता आणि तू त्याचा उसवलेला खिसा शिवत होतीस. कोट पांढरा होता. तुझ्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही.

तुझी मासोळी

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मुलगी एक महिन्याची झाली. तिचा आवाज तुलाही ऐकू येईल असा आहे.

जन्मल्यावर नाळेतलं रक्त तपासायला दिलं होतं. उत्तर काल आलं. तिला आहे. तुझ्या रक्तात ज्या जागी सापडलं, माझ्यात ज्या जागी सापडलं, त्याच जागी.

दुपारभर रडले. मग ती दुधासाठी रडायला लागली, तेव्हा एकीला थांबणं भाग होतं. तिला पाजताना विचार केला. बाबांना मरेपर्यंत कळलं नाही. तुला म्हातारपणी कळलं. मला पोटात बाळ असताना. हिला महिन्याची असतानाच कळलंय. डॉक्टर म्हणाले, तिला धावू दे, झाडावर चढू दे. फुप्फुस वेळोवेळी बघायचं, दाताचं काम असलं की आधी औषध द्यायचं, आणि नाक वाहिलं तर लोह मोजायचं. कर्करोगाच्या गाठीचं ते ‘वाढ, वाढ’ बंद पाडणारं एक औषध अशा नाकांनाही लागू पडतं असं दिसलंय. ती मोठी होईपर्यंत त्याहून बरं काहीतरी निघेल. ते आपोआप निघणार नाही, म्हणून पुढच्या महिन्यात मी पुन्हा माशांकडे जाते आहे.

एकच विचारायचं होतं. अण्णांच्या नियमानं ही कुठल्या कापडाची?

मासोळी

१७ सप्टेंबर

चि. मासोळी आणि तिची पिल्ली,

पत्र वाचून झाल्यावर मास्तरांना म्हटलं, खिडकीतलं मशीन जरा रिकामं करा. म्हणाले, कुणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. त्यांनी आपला सदरा उचलला आणि ते आत जाऊन बसले. आत गेल्यावर म्हणाले, इथे फार अंधार आहे हो. मी म्हटलं, मला विचारा.

नर्सबाईंचा कोट तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. तुझं पत्र वाचल्यावर आला, आणि घाबरून हात पदराला पुसले. झाल्या गोष्टीला घाबरणारी मी पहिलीच असेन.

सोबत पिल्लीसाठी झबलं पाठवते आहे. पांढरं आहे. उजेडात बसून शिवलं. तुझा बाप तिथे का चिकटून बसायचा ते आता कळलं, सुईचं भोक चष्म्याशिवाय दिसतं. गळ्याची शिवण दुहेरी घातली आहे, ओढलीस तरी उसवायची नाही. तिसऱ्या दिवशी माझं नाक वाहिलं आणि खालच्या काठावर एक थेंब पडला. मी ‘मास्तर, रक्त आलं’ म्हणून सांगितलं, ते थंड पाणी घेऊन धावत आले. बराचसा डाग गेला. थोडा फिकट राहिलाय, काठ उलटलास तर दिसेल. तेवढी पट्टी कापायला कात्री घेतली होती, ती खाली ठेवली.

दाढ काढली. काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी आता माझ्याशी मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली आहे.

तू विचारलंस, ही कुठल्या कापडाची. तिला आवडेल त्या. दुकानात आली तर खिडकीत बसेल. नाक वाहिलं की चारचौघांत मोठ्यानं सांगेल, रुमाल धरेल आणि तिथेच बसून राहील.

तुझी आत्या